पडद्यावरची भिंत दुभंगते तेव्हा

ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? आळंदीस गेलेला माणूस सहसा ती भिंत पाहिल्यावाचून परतत नाही. परंतु आज पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून विशी-पंचविशीतली मुलेमुली दिवसाकाठी शंभर भिंती चालवीत बसलेली असतात, आणि त्यांना कोणी हार घालीत नाही! संगणकाच्या पडद्यावर बाण जरा हलला की भिंत सरकते, उंच होते, जाड होते, दाराखिडकीला निमूटपणे वाट करून देते. आणि कधीकधी तीच भिंत असा काही हट्ट धरून बसते, की भलाभला वास्तुविशारद कपाळाला हात लावतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी मुलगी किंवा असा एखादा मुलगा असेल. ‘दिवसभर करतोस तरी काय?’ असे आजोबांनी विचारले, तर ‘मॉडेल करतो’ एवढेच उत्तर मिळते. संध्याकाळी चिरंजीव घरी येतात ते वैतागून. कारण विचारावे, तर म्हणतात, ‘भिंत तुटत नव्हती!’ कचेरीत बसून भिंत तोडण्याचा हा कोणता उद्योग, असा आजोबांना प्रश्न पडावा, यात नवल नाही.

हा लेख त्या आजोबांसाठी आहे आणि त्या चिरंजीवांसाठीही आहे. शिवाय ज्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून अजून न बांधलेल्या इमारतीत घर नोंदवले आहे, त्याच्यासाठी तर तो आहेच. कारण पडद्यावरच्या भिंतीचे तुकडे नीट झाले नाहीत, तर त्याची झळ शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन पोचते.

रेघ आणि भिंत

पूर्वी घराचा नकाशा कागदावर निघत असे. टी-स्क्वेअर, गुण्या आणि शाईचे पेन घेऊन ड्राफ्ट्समन दोन समांतर रेघा ओढी आणि त्यांना आपण भिंत म्हणत असू. त्या रेघांना मात्र आपण भिंत आहोत याची गंधवार्ता नसे. भिंत मध्येच तोडायची झाली, तर पात्याने शाई खरवडायची, की काम झाले! पुढे १९८२ साली ऑटोकॅड आले आणि कागदाची जागा पडद्याने घेतली. रेघ मात्र रेघच राहिली.

या रेघेला शहाणपण द्यावे, हा विचार त्याहून जुना आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड या तरुणाने १९६३ साली ‘स्केचपॅड’ नावाचा आपला प्रबंध पुरा केला. पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींना समांतरच राहोत, अशी अट घालून ठेवता येते, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवले. १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स ईस्टमन या प्राध्यापकांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. इमारतीची चित्रे पाडीत बसण्यापेक्षा यंत्रात इमारतीचे वर्णनच साठवावे, म्हणजे हवे ते चित्र त्यातून आपोआप निघेल, असे त्यांचे म्हणणे होते. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरी ‘आर्किकॅड’ जन्मास आले ते याच वाटेने.

आज ज्याचे नाव या धंद्यात घरोघर झाले आहे ते ‘रेव्हिट’. त्याची कंपनी १९९७ साली अमेरिकेत निघाली, पहिली आवृत्ती २००० साली बाहेर पडली आणि २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनीच १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली. नकाशात एके ठिकाणी बदल केला की तो सगळीकडे ताबडतोब उतरावा, हे त्याचे ब्रीद. आपण पुढे जे बोलणार आहोत ते या रेव्हिटमधल्या भिंतीविषयी.

या भिंतीला आपण भिंत असल्याचे पक्के ठाऊक असते. आपल्या पोटात विटांचा थर किती, गिलाव्याचा किती, हे ती जाणते. आपला पाय कोणत्या मजल्यावर आहे आणि डोके कोठवर पोचते, हे तिला ठाऊक असते. आपल्या अंगावर कोणती दारे-खिडक्या आहेत, शेजारी कोणती भिंत येऊन टेकली आहे, आपल्या अलीकडे स्वयंपाकघर आहे आणि पलीकडे बैठकीची खोली, हे सारे तिच्या नावावर नोंदलेले असते. थोडक्यात म्हणजे, ती एकत्र कुटुंबातली कर्ती बाई आहे. तिला तोडणे म्हणजे रेघ पुसणे नव्हे. तिला तोडणे म्हणजे घरात वाटणी करणे. आणि वाटणी म्हटली की भांडीकुंडी, देणेघेणे, नातीगोती सगळ्यांचाच प्रश्न उभा राहतो. भिंतीच्या ज्या तक्रारी घेऊन आपली मुले घरी येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ येथे आहे.

तोडायची तरी कशाला?

कोणी विचारील, मग तोडावी तरी कशासाठी? कारणे साधी असतात. एक सलग भिंत बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत गेलेली आहे. बैठकीच्या खोलीपाशी ती विटांची हवी आहे, स्वयंपाकघरापाशी हलक्या ठोकळ्यांची हवी आहे. किंवा तिचा एक भाग अर्ध्या उंचीवर थांबवायचा आहे. किंवा मधला तुकडा काढून दोन खोल्यांची एक मोठी खोली करायची आहे. भिंत एकसंध असेल तर तिचा गुणधर्म आरंभापासून शेवटपर्यंत एकच राहणार. दोन स्वभाव हवे असतील तर दोन भिंती करणे भाग आहे.

त्यासाठी ‘स्प्लिट एलिमेंट’ नावाचे हत्यार असते. एस आणि एल ही दोन अक्षरे दाबावीत, भिंतीवर जागा हेरून टिचकी मारावी, की एका भिंतीच्या दोन झाल्या. काम क्षणाचे आहे. खरी गंमत पुढे सुरू होते.

तुटली, पण दिसेना

पहिली तक्रार नवशिक्यांची. ‘मी तोडली, पण ती तुटलीच नाही!’ नकाशात पाहावे तर भिंत पूर्वीसारखीच सलग दिसते, मध्ये रेघ नाही की भेग नाही.

वास्तविक ती तुटलेलीच असते. रेव्हिटमध्ये दोन भिंतींची टोके एकमेकींना लागली की ती आपण होऊन जुळतात. दोन्ही तुकडे एकाच जातीचे आणि एकाच रेषेत असले, म्हणजे त्यांचा सांधा नकाशात लपून जातो. चांगल्या गवंड्याने वीटकामाचा सांधा गिलाव्याखाली झाकावा, तसाच हा प्रकार. परीक्षा अगदी सोपी आहे. भिंतीवर एकदा टिचकी मारावी. अर्धीच भिंत निळी झाली, तर तुटली असे समजावे; संपूर्ण निळी झाली, तर नाही.

ही परीक्षा न करता जो तोही पुन्हा पुन्हा टिचक्या मारीत सुटतो, तो भिंतीचे टीचभर तुकडे करून ठेवतो. ते तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतींच्या यादीत मात्र प्रत्येकाची स्वतंत्र ओळ उमटते. पुढे हिशेबनीस विचारतो, ‘एवढ्याशा घरात इतक्या भिंती कोठून आल्या?’

एकीला ओढावे, तर दुसरी येते

दुसरी तक्रार थोडी पुढच्या इयत्तेची. भिंत तोडली, तुकडाही वेगळा निवडला. त्याचे टोक मागे ओढावे, तर शेजारचा तुकडा लांब होऊन पाठोपाठ येतो! जणू वाटणी झाली तरी धाकटा भाऊ थोरल्याचे बोट सोडीत नाही.

कारण वर सांगितले तेच. तुकडे दोन झाले, पण टोकांचे नाते तुटले नाही. जुळलेल्या भिंतींपैकी एक हलली की दुसरीने तिच्यामागे जावे, असाच यंत्राचा स्वभाव आहे. एरवी हा स्वभाव फार उपयोगी पडतो. एक भिंत सरकवली की चारही कोपरे आपोआप जुळून येतात, ते याच्याच जोरावर. पण जेथे खरोखर वेगळे व्हायचे आहे तेथे तसे स्पष्ट सांगावे लागते. तुकडा निवडावा, त्याच्या टोकाच्या निळ्या ठिपक्यावर उजवी टिचकी मारावी आणि ‘डिसअलाउ जॉइन’, म्हणजे जुळणीस मनाई, ही आज्ञा द्यावी. समोरच्या तुकड्याच्या टोकालाही तसेच करावे, म्हणजे संशयाला जागा उरत नाही. पुढे मन बदलले, तर टोकापाशी एक लहानशी खूण दिसते. तिच्यावर टिचकी मारली की मनाई उठते.

मात्र ही मनाई ऊठसूट करू नये. मनाई केलेल्या टोकांपाशी थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि नकाशात सांध्याची रेघ उमटते. एका कचेरीत चार जण एकाच मॉडेलवर काम करीत असले आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी मनाईचे शिक्के मारले, तर महिन्याभराने कोपरे उघडे पडलेले दिसतात. ते कोणी उघडे टाकले याचा शोध लावता लावता सगळे टेकीला येतात.

चाळीस मिलिमीटरची पायरी

तिसरी तक्रार सर्वांत महाग पडणारी, म्हणून ती आकडे घेऊन पाहू.

बाहेरची एक सलग भिंत आहे, जाडी २३० मिलिमीटर, म्हणजे आपली नऊ इंची. तिच्यापैकी स्वयंपाकघरालगतचा ३.६ मीटरचा भाग १५० मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यांचा करायचा ठरला. मुलाने भिंत तोडली, तुकडा निवडला, जात बदलली. भिंत ८० मिलिमीटरने बारीक झाली. प्रश्न असा, की ते ८० मिलिमीटर कोणत्या बाजूने गेले?

प्रत्येक भिंतीला एक ‘लोकेशन लाइन’ असते. जाडी बदलताना भिंत जिला घट्ट धरून राहते ती ही रेषा. ती भिंतीच्या मध्यावर असू शकते, बाहेरच्या पृष्ठभागावर असू शकते किंवा आतल्या. कोणी काही न सांगितल्यास ती मध्यावर असते. तेव्हा आपली भिंत दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस मिलिमीटर आत आली. बाहेरून सरळ दिसायला हवा होता त्या दर्शनी भागात दीड इंचाहून अधिक पायरी पडली. आणि आतून जे ८० मिलिमीटर स्वयंपाकघराला मिळायचे, त्यांतले ४०च मिळाले.

गवंडी इंच-सुतात बोलतो. दोन सूत म्हणजे पाव इंच. भिंत दोन सूत बाहेर गेली तरी जुना मिस्त्री ओळंबा टाकून कामगाराला हाक मारी. येथे तर बारा सुतांहून अधिक फरक पडला, आणि पडद्यावर तो केसाएवढा दिसतो!

आता हिशेब करा. ३.६ मीटर गुणिले ०.०४ मीटर म्हणजे ०.१४४ चौरस मीटर. चौरस फुटांत सांगायचे तर दीड फुटाहून किंचित जास्त. जागेचा भाव चौरस फुटाला वीस हजार रुपये धरला, तर ही रक्कम एकतीस हजारांच्या घरात जाते. एका खोलीच्या एका भिंतीत एका टिचकीने पडलेला हा फरक. वीस मजल्यांच्या इमारतीत एकावर एक अशीच स्वयंपाकघरे असली, तर गुणाकार वाचकांनीच करावा.

उपाय अगदी सोपा आहे. फक्त क्रम चुकता कामा नये. जाडी बदलण्यापूर्वी त्या तुकड्याची लोकेशन लाइन बाहेरच्या पृष्ठभागावर न्यावी, आणि मगच जात बदलावी. मग बाहेरची बाजू जागची हलत नाही आणि सगळेच्या सगळे ८० मिलिमीटर आत मिळतात. उलट क्रमाने, म्हणजे जात आधी बदलून लोकेशन लाइन नंतर हलवली, तर काहीच होत नाही. भिंत चुकलेल्या जागीच राहते. लोकेशन लाइन हे ‘यापुढे कशाला धरून राहू?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. झाले-गेले दुरुस्त करण्याचे ते औषध नव्हे.

यजमान गेला, पाहुणे गेले

चौथी तक्रार दारा-खिडक्यांची. रेव्हिटमध्ये खिडकी ही भिंतीच्या आश्रयाने राहते. भिंत तिची यजमान. यजमानच पुसला गेला, तर पाहुण्याला थारा नाही. भिंत पुसली की तिच्यावरच्या खिडक्याही जातात.

स्प्लिट एलिमेंटमध्ये ‘डिलीट इनर सेगमेंट’ अशी एक सोय आहे. दोन जागी टिचक्या माराव्यात, मधला तुकडा आपोआप नाहीसा होतो. ही खूण एखाद्याने काल लावून ठेवली असेल आणि आज ती काढावयाचे राहिले, तर दोन साधे काप घ्यायला गेलेल्या माणसाची मधली भिंत खिडकीसकट उडून जाते. म्हणून कापण्यापूर्वी वरच्या पट्टीवर नजर टाकण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

काप घेतानाही तो खिडकीच्या अंगावरून जाऊ देऊ नये. चौकटीपासून अंतर राखून कापावे. काप खिडकीवरूनच गेला तर ती कोणाच्या वाट्याला जावी याचा घोळ होतो, आणि भिंतीत तिच्यासाठी भोक पाडता येत नाही अशी सूचना पुढे येऊन उभी राहते. तुकडा पुसण्यापूर्वी त्याच्यावरची खिडकी शेजारच्या भिंतीकडे सोपवण्याचीही सोय आहे. ती वापरावी, पाहुण्याची सोय आधी, मग वाटणी.

दोन खोल्या, एकच क्षेत्रफळ

पाचवी तक्रार खोल्यांची. रेव्हिटमधली खोली ही भिंतींनी वेढलेली जागा. बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत तोडून मधला तुकडा काढला, की यंत्राच्या दृष्टीने तेथे एकच जागा उरते. नावे मात्र दोन्ही खोल्यांची कायम. मग सूचना येते, की एकाच वेढ्यात एकाहून जास्त खोल्या आहेत; क्षेत्रफळ एकीला मिळते, दुसरी अनाथ राहते.

कामाची घाई असली की पुष्कळ जण ही सूचना बाजूला सारतात. भिंत तर हवी तशी निघाली, मग आणखी काय हवे? परंतु क्षेत्रफळाचा तक्ता तयार होतो तो या खोल्यांच्या बळावर. जेवणाची खोली वेगळी दाखवायची असेल, तर दोहोंच्या मध्ये खोल्या विभागणारी अदृश्य रेषा घालता येते. ती घातली म्हणजे भिंत नसतानाही दोन्ही खोल्यांना आपापले क्षेत्रफळ मिळते.

येथे गृहस्थांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोलीचे क्षेत्रफळ भिंतीच्या कोठून मोजायचे, याचे चार पर्याय या सॉफ्टवेअरमध्ये आहेत: भिंतीच्या पृष्ठभागापासून, मध्यापासून, गाभ्याच्या कडेपासून किंवा गाभ्याच्या मध्यापासून. आणि २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने सांगितलेला कार्पेट एरिया निराळाच आहे. त्यात बाहेरच्या भिंतींखालची जागा धरीत नाहीत, स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरीत नाहीत, पण घरातल्या मधल्या भिंतींखालची जागा धरतात. तेव्हा यंत्राने खोल्यांची बेरीज करून दिली म्हणजे तोच कायद्याचा कार्पेट एरिया झाला, असे नव्हे. कोणती भिंत बाहेरची, कोणती आतली, हे माणसालाच नीट नोंदवावे लागते. बाहेरच्या भिंतीचा तुकडा तोडून आत वळवला आणि त्याची जात बदलायची राहिली, तर हा हिशेब तेथेच बिघडतो.

कोणती सुरी, कोणत्या कामाला?

घरात सुरी असते, विळी असते, अडकित्ताही असतो. सुपारी कोणी विळीवर कापीत नाही. भिंतीच्या बाबतीत मात्र हे सर्रास होते, म्हणून हत्यारांची ओळख करून घेऊ.

भिंतीचे दोन स्वतंत्र स्वभाव हवे असतील तर स्प्लिट एलिमेंट. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या करायच्या असतील आणि त्यांच्यामध्ये ठरावीक फट हवी असेल, तर ‘स्प्लिट विथ गॅप’. यात फट किती हवी ते सांगता येते, आणि टोकांना जुळणीची मनाई आपोआप होते. खालच्या तीन फुटांपर्यंत दगडी लादी आणि वर गिलावा, एवढेच हवे असेल, तर भिंत तोडूच नये. भिंतीच्या जातीतच तिच्या थराचे वरचा आणि खालचा असे भाग पाडता येतात. नुसता रंग बदलायचा असेल, तर पृष्ठभागावर सीमा आखून तेवढ्यालाच रंग द्यावा. त्याचे नाव ‘स्प्लिट फेस’.

आणि बांधकामाच्या सोयीसाठी भिंत टप्प्याटप्प्याने दाखवायची असेल, म्हणजे सोमवारी एवढी आणि मंगळवारी एवढी, तर २०१२ च्या आवृत्तीपासून ‘पार्ट्स’ची सोय आहे. मूळ भिंत एकसंध राहते, तिचे नाते-गोते शाबूत राहते आणि तिच्यावरून काढलेल्या भागांचे हवे तेवढे तुकडे करता येतात. घर एक, खोल्या अनेक. अशी ही शहाणी वाटणी.

खरोखर तोडायची वेळ आली, म्हणजे तोडण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हिची टोके कोणाशी जुळली आहेत? हिची लोकेशन लाइन कोठे आहे? हिच्या अंगावर कोणती दारे-खिडक्या आहेत? हिच्या दोन्ही बाजूंना कोणत्या खोल्या आहेत? तोडून झाल्यावर सूचनांची यादी उघडून पाहावी आणि आधीपेक्षा किती वाढल्या ते मोजावे. तोडल्यानंतर एका तुकड्याकडे भिंतीचा मूळ क्रमांक राहतो, दुसऱ्याला नवा मिळतो. म्हणून इमारतीचा सांगाडा काढणारे इंजिनिअर आणि खर्चाचा अंदाज काढणारे यांना तसे कळवावे. नाहीतर त्यांच्या यादीत ही नवी भिंत कोठून उगवली, असा पत्रव्यवहार सुरू होतो.

आणि पस्तावा झालाच तर? ताबडतोब ध्यानात आले तर उलटी आज्ञा आहेच. उशिरा आले, तर एकाच जातीचे आणि एकाच रेषेतले दोन तुकडे छाटणी-जुळणीच्या हत्याराने पुन्हा एक करण्याची युक्ती जाणकार वापरतात. मात्र त्यानंतर खिडक्या जागच्या जागी आहेत की नाहीत, हे मोजून घ्यावे.

खऱ्या भिंतीला उलटी आज्ञा नाही

पडद्यावर भिंत तोडण्याची मुलांना सवय होते, तशी ती चित्रे पाहण्याची सवय आपल्यालाही होते. ‘ही भिंत काढली तर हॉल केवढा मोठा होईल!’ असे घरचे कौतुकाने म्हणतात, मुलगा टिचकी मारून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी खऱ्या भिंतीवर घण घालायला निघतो. येथे थांबावे.

जुन्या वाड्यांत आणि विटांच्या भारावर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींत भिंत ही नुसती आडोसा नसते. वरच्या मजल्याचा भार तिच्या डोक्यावर असतो. खांब-तुळयांच्या इमारतीत बहुतेक मधल्या भिंती भार वाहत नाहीत, पण लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती इमारतीला वाऱ्यात आणि भूकंपात सावरून धरतात. रेव्हिटमध्ये भिंतीला ती भार वाहणारी आहे की नाही, अशी खूण करता येते. पण ती खूण माणूस करतो, आणि तोडताना यंत्र त्याला हटकीत नाही. तेव्हा घरातली कोणतीही भिंत काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि सोसायटीची व पालिकेची परवानगी, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

नवे घर नोंदवणाऱ्या कुटुंबानेही लाजू नये. रंगीत चित्रे पाहून झाल्यावर कचेरीतल्या माणसाला शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या घराच्या प्रत्येक बाहेरच्या भिंतीची जाडी किती? कार्पेट एरिया मोजताना कोणत्या भिंती धरल्या आणि कोणत्या सोडल्या? आणि नोंदणीनंतर भिंतींत बदल झाला, तर नवा नकाशा मला कधी मिळेल? ज्याचे मॉडेल स्वच्छ आहे त्याला या प्रश्नांची उत्तरे द्यायला वेळ लागत नाही. ज्याला लागतो, त्याला तो जरूर द्यावा, पण उत्तर घेतल्यावाचून उठू नये.

राहता राहिले चिरंजीव. ते संध्याकाळी वैतागून आले आणि ‘भिंत ऐकत नाही’ म्हणाले, तर आता आजोबांनी त्यांना एवढेच विचारावे, की बाबा रे, तिची टोके कोणाशी जुळली आहेत ते पाहिलेस का? चिरंजीव चकित होतील; आणि बहुधा दुसऱ्या दिवशी भिंतही ऐकेल. यंत्र हट्टी नसते. आपण जे नाते लावून दिले तेच ते सांभाळीत बसलेले असते. नाते कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवणे माणसाचे काम आहे. आणि ते नीट ठरवले, म्हणजे कोणा एका कुटुंबाचा ओटा त्याच्या ठरल्या जागी बरोबर बसतो.